बाझीलनं पसंत केलेली पेटी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा बाझील. या माणसानं उभ्या जन्मात स्वतःहून दुकानातून एक वस्तू पसंत करून आणली नव्हती. लहानपणी मोठ्या भावाचे उतरलेले कपडे घातले, मग लष्करानं बूट दिले, आणि परत आल्यावर गावच्या रस्त्यांची डागडुजी करायची नोकरी लागली तेव्हा फावडं, टोपी आणि रेनकोट गावच्या कचेरीनं दिला. लग्नानंतर तर प्रश्नच मिटला. विजार सिदोनी आणायची, तंबाखू सिदोनी आणायची, केस वाढले हेही त्याला तिच्याकडूनच कळायचं. एकदा कुत्रा पाळायचा ठरला म्हणून तिनं त्याला वरच्या वस्तीवर धाडलं. पिल्लांच्या टोपलीसमोर दुपारभर उभा राहिला आणि रिकाम्या हातानं परत आला.

"काय झालं?" सिदोनीनं विचारलं.

"सगळीच चांगली होती," बाझील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती गेली, एक पिल्लू मानगुटीला धरून उचललं आणि झोळीत टाकून घेऊन आली.

असं असलं तरी माणूस बुळा नव्हता बरं का. गावातली प्रत्येक मोरी, प्रत्येक गटार त्याला पाठ. बर्फ पडलं की सगळ्यांच्या आधी उठून शाळेची वाट मोकळी करायचा. फक्त कुठली गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली की ती बाहेर काढायला पहार लागायची. सिदोनीकडे ती पहार होती, आमच्याकडे नव्हती. आणि नेमकी त्या शरद ऋतूत सिदोनी घरात नव्हती.

सप्टेंबरात पाऊस लागला, त्यात ती बटाटे काढायला गेली आणि छातीत कफ धरून बसली. आधी इस्पितळ, मग व्हझूलच्या पलीकडे टेकडीवर ख्रिस्ती जोगिणींचं एक विश्रामघर आहे तिथं. जीव वाचला, पण फुप्फुसं नाजूक झाली. डॉक्टरनं बाझीलला बाजूला घेऊन सांगितलं, "घरात धूर नको आणि झोपायच्या खोलीत दिवसरात्र सारखी ऊब हवी. ते जमत नसेल तर हिवाळाभर तिला मुलीकडे पाठवा."

मुलगी म्हणजे ओदिल. ती बझांसों शहरात, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. गुणी पोरगी, पण आमच्या गावात सगळ्यांनी हे पाहिलेलं होतं की म्हातारं माणूस एका हिवाळ्यापुरतं म्हणून शहरात जातं, वसंतात त्याच्या कोंबड्या शेजाऱ्यांना दिल्या जातात, आणि पुढच्या हिवाळ्यात घराच्या खिडक्यांना फळ्या लागतात. बाझीलनंही पाहिलं होतं. घरी येऊन चुलीसमोर बसला आणि मला म्हणाला, "ओर्तांस, पेटी बसवायची."

तेलाचे भाव भडकल्यानंतरची ती वर्षं. जो तो आपल्या जुन्या चुलीच्या पोटात काचेच्या दाराची लोखंडी पेटी बसवून घेत सुटला होता. लाकूड कमी लागतं, धूर सगळा वर जातो, ऊब घरात राहते, असं म्हणत. आमच्या शेजारच्या ओक्ताव्हनं आदल्या वर्षीच बसवली होती आणि तेव्हापासून त्याला दुसरा विषय नव्हता. वर्तमानपत्राचा बोळा ओला करायचा, राखेत बुडवायचा आणि काच पुसायची, हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं की मी त्याला पाहिलं की अंगणातून आत जायचे.

सिदोनीची चूल म्हणजे स्वयंपाकघराची एक अख्खी भिंत. आत वाकून उभं राहता येईल एवढी. तिच्या पाठीशी बिडाचा जाडजूड पाट, त्यावर हरणाचं चित्र, आणि भिंतीच्या पलीकडे त्यांची झोपायची खोली. पाटामागं भिंत मोकळी सोडलेली, त्यामुळं त्याची पाठ तिकडं उघडी, आणि तिच्यावर कपाटाची दारं. रात्री दारं उघडली की चुलीची ऊब आत येणार, सकाळी मिटली की बंद. सिदोनी त्या कपाटात नाइटगाऊन गरम करायला ठेवायची, आमची आईही ठेवायची. गावातल्या जुन्या घरांत हे असंच असतं, त्याचा कोणी विचार करत नाही.

"ताईला विचारलंस का?" मी म्हटलं.

"नाही. आणि तूही एक अक्षर बोलायचं नाही."

"अरे, घर तिचं, चूल तिची. तिला विचारायला काय होतंय?"

"तिनं आजवर सगळं आणलं. हे मी आणणार. दार उघडून आत येईल तेव्हा बघेल."

त्याच्या डोळ्यांत काय होतं ते सांगता येत नाही, पण मला पुढं बोलवेना. शब्द दिला. त्या शब्दानं पुढं माझं डोकं किती खाल्लं ते माझं मला ठाऊक.

मग आम्ही ओक्ताव्हच्या गाडीतून दुकानात गेलो. बाझीलनं बगलेत एक अर्धा कापलेला ओंडका घेतला होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"आत घालून बघायला."

याचं कारण असं. आमच्याकडे गावच्या रानातलं लाकूड दर चुलीमागे वाटून मिळतं. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या वाट्याला जो तुकडा येईल तो त्यानं तोडायचा, मीटरभर लांबीचे ओंडके करून रचायचा आणि वसंताच्या आत रान मोकळं करायचं. ते मीटरचे ओंडके पूर्वी चुलीत जवळजवळ तसेच जायचे. पेटीत ते जात नाहीत. एकदा कापून अर्धे केले तर मोठ्या पेटीत जातात, लहान पेटी असेल तर दोनदा कापून तीन तुकडे. बाझीलचा उजवा खांदा रस्त्याच्या कामानं गेलेला. हिवाळाभराचं लाकूड एकदा कापायचं की दोनदा, याच्यावर त्यानं सगळा हिशेब बांधला होता.

दुकानात पेट्या ओळीनं भिंतीला पाठ लावून मांडलेल्या. काही पितळी कड्यांच्या, काहींवर द्राक्षांची वेल कोरलेली. टाय लावलेला एक हसरा विक्रेता पुढं आला.

"किती घनमीटर जागा तापवायची आहे, मस्यू?"

"जागा नाही, घर आहे," बाझील म्हणाला.

"हो, पण केवढं?"

"बायकोच्या आजोबांनी बांधलंय. त्यांनी सांगितलं नाही."

विक्रेता हसला, वही मिटली आणि दुसऱ्या बाजूनं आला. "बरं, साधारण किती किलोवॅटची हवी?"

"बायकोला ऊब येईल एवढ्या किलोवॅटची."

"मादामना?" तो माझ्याकडे वळला.

"मी मेहुणी," मी म्हटलं. "मला थंडी वाजत नाही. हिच्या वर सूपाचं भांडं ठेवता येतं का तेवढं सांगा."

"मादाम, हिला वरून दगडाची चौकट येते. सूप गॅसवर करायचं."

"मग चार महिने ही इथं नुसती बसून खाणार?" मी म्हटलं. ओक्ताव्ह मागून ओरडला, "अगं, काच बघ, काच! काचेतून जाळ किती छान दिसतो!" मी म्हटलं, "जाळ मला साठ वर्षं काचेशिवाय दिसतोय."

तोवर बाझील एकेका पेटीचं दार उघडून ओंडका आत कोंबून बघत होता. आडवा बसत नसला की तिरपा. एका पेटीचा रंग खरवडला तेव्हा विक्रेत्याचं हसू जरा आटलं. "यात काय मावणार, काडेपेटी?" बाझील पुटपुटला आणि पुढं सरकला. असं करत करत तो ओळीच्या शेवटी पोहोचला. तिथं सगळ्यात रुंद पेटी होती. ओंडका आत गेला, दोन्ही बाजूंना हात फिरवायला जागा उरली. बाझीलनं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग ओंडका आतच ठेवून तो सरळ उभा राहिला. मी ओळखलं, डोक्यात शिरली.

विक्रेता बिचारा तरी म्हणाला, "मस्यू, ही तिच्या शेजारची जरा बघा. लहान आहे, पण हिच्या पाठीला गरम हवेची नळकांडी जोडता येतात. स्वयंपाकघराबरोबर दुसरी खोलीही तापते."

"आमची दुसरी खोली आपली आपण तापते," बाझील म्हणाला.

आणि मी मान डोलावली, ओक्ताव्हनंही डोलावली. आमची दुसरी खोली आपली आपण तापते हे आम्हाला पाऊस वरून पडतो याइतकं पक्कं माहीत होतं. त्या शहरी पोराला काय ठाऊक, असंच आम्हा तिघांनाही वाटलं असणार.

पेटी घ्यायचा त्रास म्हणजे काहीच नव्हे, बसवायचा खरा. चुलीचं तोंड बाझीलनं फावड्याच्या दांड्यानं मोजलं होतं. पुढून बरोबर, पण आत बाजूचे दगड तिरके जात गेलेले, पाठीला चूल अरुंद. पेटी अर्धी आत जाऊन अडकली, ना पुढं ना मागं. गवंडी आला, बघून शिट्टी वाजवली, आणि "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणून गेला. पुढच्या आठवड्यात आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मध्ये थडग्यांवर फुलं ठेवायचा सर्वसंतांचा दिवस गेला. आईबाबांच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी सिदोनीनं आपल्या हातानं ठेवावी, तोवर ती घरी यावी, अशी बाझीलची इच्छा होती. कुंडी मी एकटीनं ठेवली. बाझील चुलीत डोकं घालून छिन्नी मारत होता.

शेवटी गवंडी आला, बाजूचे दगड तासले, पेटी आत ढकलली ती मागच्या बिडाला टेकेल इतकी. मग कळलं की धुरांडं फार रुंद आहे, आतून पोलादी नळी सोडावी लागेल. नळी सोडायला छपरावर चढले तर आत कावळ्यांनी काटक्यांचं अख्खं गाव वसवलेलं. ढकलगाड्या भरभरून काटक्या निघाल्या. सगळ्या घरावर काजळी बसली, सिदोनीच्या पांढऱ्या पडद्यांवरसुद्धा. ते मी धुतले, वाळवले, पुन्हा लावले, आणि तिसऱ्यांदा काजळी पडली तेव्हा काढून ठेवून दिले आणि बाझीलला म्हटलं, "आता तूच अंगाला गुंडाळून घे."

दर रविवारी आम्ही सिदोनीला भेटायला जायचो. ती खुर्चीत बसलेली, गुडघ्यावर शाल, डोळे मात्र पहिल्यासारखे.

"तुझ्या कानात काजळी आहे," ती बाझीलला म्हणाली.

"ओक्ताव्हचं धुरांडं साफ करत होतो."

"ओक्ताव्हचं? त्यानं तर मागच्या वर्षी केलं." मग माझ्याकडे वळून, "धाकटे, घरी काय चाललंय?"

"काही नाही, ताई. कोंबड्या बऱ्या आहेत."

"कोंबड्यांचं नाही विचारलं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिनं उसासा टाकला, खोकला आला, खोकला सरल्यावर म्हणाली, "हे बघा, इथल्या जोगिणींना माझी खाट हवी आहे. घर तयार असेल तर सांगा, नसेल तर ओदिलला कळवते, येऊन मला घेऊन जा म्हणून. मला कोणाच्या पायात यायचं नाही."

"रविवारी!" बाझील एकदम ओरडला. "पुढच्या रविवारी तू घरी."

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "अरे, अजून दार लागत नाही त्या पेटीचं. कुठल्या तोंडानं सांगितलंस?"

"लागेल," म्हणाला आणि भरभर चालायला लागला.

आणि लागलं की हो! शुक्रवारी गवंड्यानं शेवटचा लेप मारला, शनिवारी जाळ केला. सुरुवातीला नव्या रंगाचा वास सुटला, खिडक्या उघड्या टाकाव्या लागल्या, मग जो काही ताव आला! ओंडका लाल झाला, काचेमागं जाळ लपलपायला लागला. शेजारीपाजारी बघायला आले. बाझीलनं स्वेटर काढला, मग बंडी काढली, आणि शर्टाच्या बाह्या वर करून चेरीची दारू सगळ्यांना ओतत फिरला. ओक्ताव्ह म्हणाला, "माझ्यापेक्षा मोठी आहे." मनातून जळत असणार, पण म्हणाला.

ओक्ताव्हचंही एक सांगायला हवं. तो एकटा जीव, स्वयंपाकघरातच पडदा लावून झोपायचा. मागच्या खोलीत त्याचे बटाटे असायचे.

रविवारी ओदिलनं आईला गाडीतून आणलं. बाझीलनं स्वच्छ दाढी केली होती. दार उघडून तो बाजूला उभा राहिला. सिदोनी उंबऱ्यात थांबली. पेटी पाहिली, काच पाहिली, तासलेले दगड पाहिले. गालावर जाळाचा उजेड पडला होता.

"तू पसंत केलीस?" तिनं विचारलं.

"मी."

"एकट्यानं?"

"ही होती," माझ्याकडे बोट करून म्हणाला, "पण हिला सूपाचीच पडली होती."

सिदोनी जवळ गेली, खुर्चीत बसली. "छान आहे," म्हणाली. बाझील असा लाल झाला की मला वाटलं जाळानंच. मी मक्याच्या पिठाची दाट पेज केली होती, वर दूध घालून, ती तिनं वाटीभर खाल्ली. ओदिलनं कोट काढला. एकूण सगळं असं छान चाललं होतं की मला आता घरी जायला हरकत नाही असं वाटायला लागलं.

मग सिदोनी जरा पडायला म्हणून मागच्या खोलीत गेली.

तिची चाहूल ऐकू येत होती. कपाटाची दारं उघडल्याचा आवाज आला. मग तिनं हाक मारली, मोठ्यानं नाही.

"बाझील."

आम्ही सगळेच गेलो. ती शाल घट्ट धरून कपाटासमोर उभी होती. तोंडातून वाफ येत होती. तिनं त्या हरणाच्या पाटाच्या पाठीवर पंजा ठेवलेला होता.

"हात लावून बघ," ती म्हणाली.

बाझीलनं हात लावला. मग दुसरा हात लावला, जसं काही एक हात चुकला असेल. मग मी लावला. विहिरीच्या कठड्यासारखं गार.

जाळ आता पेटीच्या पोटात होता. पेटीला आपली पाठ होती, त्या पाठीला विटांचं अस्तर, आणि सगळी ऊब काचेतून पुढं, स्वयंपाकघरात. भिंतीपल्याडच्या या खोलीकडे यायला तिला वाटच उरली नव्हती. पिढ्यान् पिढ्या जी खोली आपली आपण तापत होती ती आम्ही स्वतःच्या हातानं, गवंड्याला बोलावून, दगड तासून बंद करून टाकली होती. ओक्ताव्हच्या मागच्या खोलीत नुसते बटाटे, म्हणून त्यालाही हे कधी कळलं नव्हतं.

"मला एकदा विचारायचंस रे," सिदोनी म्हणाली. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"खाट पुढं आणू," बाझील म्हणाला. "पेटीसमोर. तिथं भट्टीसारखं आहे."

"स्वयंपाकघरात? पोस्टमन तिथं येतो, पाववाला तिथं येतो, ओक्ताव्ह दिवसातून दहादा येतो, आणि मी त्यांच्यासमोर नाइटगाऊनमध्ये? माझं आजारपण काय जत्रेत मांडायचंय?"

"दारं उघडी ठेवू मग."

दारं उघडी ठेवली. मध्ये बोळ, बोळाला अंगणाचं दार. ऊब बोळात आली आणि अंगणात निघून गेली. गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या, दोन पिसांच्या रजया घातल्या, वर माझा कोट. सकाळी मी आले तर बाझील स्वयंपाकघरात बनियनवर, घामानं निथळत, आणखी लाकूड घालत होता. आणि आतून खोकला येत होता, तो जुना, खोलवरचा. ओदिल आधीच आईची बॅग भरत होती.

"थोडे दिवस," ओदिल म्हणाली. "वसंतापर्यंत."

गाडीत बसताना सिदोनीनं बाझीलच्या कोटाचं बटण लावून दिलं. "दाणे वेळेवर टाक कोंबड्यांना," म्हणाली आणि गाडी निघाली.

बाझील दुसऱ्याच दिवशी मला आणि ओक्ताव्हला घेऊन दुकानात गेला. विक्रेत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हळहळलाही. "पण मस्यू, जाळ केलेली पेटी परत घेता येत नाही. आणि मी ती दुसरी दाखवली होती की." हे खरंच होतं. खरं असलं की माणसाला जास्त चीड येते. परत येताना बाझील गाडीत एकच वाक्य बोलला, "त्यानं दोनदा सांगायला पाहिजे होतं."

तो हिवाळा आमच्या छातीवर दगडासारखा बसला. बाझीलनं पेटी पेटवायचंच सोडलं. मी सूप घेऊन जावं तर हा गार घरात, टोपी घालून, त्या मोठ्या काळ्या काचेसमोर बसलेला. भाकरीवर पातळ चीज फासून तेवढंच खायचा.

"जाळ का नाही केलास?"

"तिला ऊब नाही, मला कशाला?"

"वा! म्हणजे तू गारठून मेलास की तिला दुप्पट ऊब मिळणार का? की तिनं तुझ्या मयताला यायचं, त्याच गार खोलीत उतरायचं?"

"तू जा गं ओर्तांस."

"जाते. सूप संपव. भांडं धुवून दे."

भांडं धुवून यायचं नाही. संपलेलं असायचं, एवढंच समाधान.

टेलिफोन माझ्याकडे होता. सिदोनी गुरुवारी फोन करायची आणि त्याला बोलवायला सांगायची. तो यायचा, कानाला लावायचा, "हो," "नाही," "बऱ्या आहेत," आणि ठेवून द्यायचा. एकदा त्यानं ठेवायच्या आधीच मी हिसकून घेतला.

"ताई, तू इथं कधी येतेस? हा माणूस स्वतःला शिक्षा करतोय आणि भांडी मला घासायला लागतात."

पलीकडून ती म्हणाली, "धाकटे, इथं सगळं बरं आहे. ओदिल माझं सगळं करते. रेडिएटर आहे, खिडकीतून बसस्टॉप दिसतो. मी दिवसभर बसस्टॉप बघते." आवाज जरा बारीक झाला. "मला घरी यायचंय गं. पण या वेळी मी स्वतः बघणार. त्याला सांग, कशालाही हात लावू नकोस."

मार्च सरता सरता डॉक्टरनं तिला बाहेर पडायची परवानगी दिली. ओदिलनं तिला थेट त्या दुकानात आणलं, आम्ही तिथं गेलो. सिदोनीनं खुर्ची मागवली. विक्रेत्यानं बाझीलला ओळखलं आणि दोन पावलं मागं सरला. बाझीलनं या वेळी ओंडका आणला नव्हता.

"या सगळ्या भिंतीपासून ओढा," सिदोनी म्हणाली.

"मादाम?"

"पाठ दाखवा. तोंड सगळ्यांचं चांगलंच असतं."

बिचाऱ्यानं कोट काढला आणि एकेक पेटी कण्हत कण्हत फिरवली. सिदोनी खुर्ची सरकवत ओळीच्या मागून चालली. एकाही काचेकडे तिनं पाहिलं नाही. कुठून हवा निघते, नळकांडं कुठं बसतं, आणि कपाटाच्या जागी भिंतीतून ते आत आणायचं तर केवढं भोक पाडायचं, एवढंच विचारत गेली. शेवटी तिनं आपल्या काठीनं एकीला टोकलं. तीच. विक्रेत्यानं शरदात दाखवलेली तीच लहान पेटी.

"ही तर केवढीशी," बाझीलच्या तोंडून निघून गेलं. "हिच्यात तिसऱ्या हिश्श्याचंच लाकूड जाणार. प्रत्येक ओंडका दोनदा कापावा लागेल."

"मग दोनदा काप," सिदोनी म्हणाली.

आणि तो काहीतरी बोलणार होता तो गप्प बसला, कारण तिनं त्याच्याकडे पाहून हात पुढं केला होता, खुर्चीतून उठवायला.

उन्हाळ्यात तीच छिन्नी, तोच गवंडी, तीच "पुढच्या आठवड्यात येतो"ची रडकथा. मोठी पेटी बाहेर काढायला चार माणसं लागली, आणि ती कोणी विकत घेईना, कारण गावातल्या दुसऱ्या कुठल्याच चुलीच्या तोंडात ती मावत नव्हती. ती गोठ्यात पडून राहिली. मागच्या बिडाच्या पाटात गवंड्याला हवेसाठी भोक पाडता येईना म्हणून तो अख्खा उपटून काढावा लागला. सिदोनीला ते जड गेलं. चार दिवस कोणाशी धड बोलली नाही. मग तिथं जाळीचं झाकण बसलं आणि त्यातून पहिली गरम हवा आली तेव्हा तिनं नाइटगाऊन आणून त्यावर पसरला, आणि वास घेऊन म्हणाली, "लोखंडाचा वास येतोय. होईल सवय."

सवय तशी अर्धीच झाली. नळकांडं कधी गुरगुरायचं, काच रोज काळी व्हायची, कारण वाट्याला आलेलं लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. ओक्ताव्ह राखेचा बोळा घेऊन स्वतःच यायला लागला, त्याला कोणी बोलावलं नाही तरी. पण मागची खोली उबदार झाली. डॉक्टर येऊन बघून गेला. त्या हिवाळ्यात ओदिलला आईला न्यायला यावं लागलं नाही.

फक्त लहान पेटीची सगळी ताकद आता मागं जायची. स्वयंपाकघरात जेमतेम कोमट. बाझील सकाळी दोनदा कापलेलं लाकूड घेऊन यायचा, खांदा चोळत पेटीसमोर बसायचा, अंगात कोट, डोक्याला टोपी.

एका दुपारी मी तिथं जेवणाचं बघत होते. बाहेर बर्फ पडत होतं. आतून हाक आली.

"बाझील, तिकडं गार आहे का रे?"

"नाही," बाझील म्हणाला. नाकाचा शेंडा चेरीसारखा झालेला.

"तुझे दात वाजलेले मला इथवर ऐकू येतात."

"मी रस्त्यावर पस्तीस हिवाळे काढलेत. मला थंडी कळत नाही."

"बरं. मला आपलं वाटलं, कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत ऊब पोहोचते का ते कोणी बघायला पाहिजे. मला उठवत नाही."

बाझीलनं जरा विचार केला. मग उठला. "ते बघायलाच पाहिजे," मला म्हणाला, जणू कचेरीचं काम आलंय, आणि आत गेला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग टोपी कुठंतरी ठेवल्याचा. मग दोघांचं काहीतरी हळू बोलणं सुरू झालं ते काही थांबेना.

मी दोन-तीनदा हाक मारली. कोणी ओ दिली नाही. बटाटे सगळे मीच सोलले, बोटं बधिर होईपर्यंत.